कुत्र्याचा घास

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक बग आला. कोडमधला नव्हे हो, तो तर रोजच येतो. हा चार पायांचा, दोन महिन्यांचा, बापाकडून लॅब आणि आईकडून कोण ते देवालाच ठाऊक. पहिल्याच रात्री माझ्या लॅपटॉपचा चार्जर चावून त्यानं आपलं बारसं स्वतःच करून घेतलं.

तर मंडळी, पिल्लू घरात आलं की पहिला प्रश्न पडतो खायला काय द्यायचं. मी पेशानं इंजिनियर, म्हणजे शेजारच्या काकूंना विचारण्याऐवजी रात्री दोनपर्यंत वाचत बसणारा प्राणी. दोन पंथ सापडले. एक म्हणतो पिशवीतलं किबल द्या, त्यात सगळं मोजूनमापून घातलेलं असतं. दुसरा म्हणतो कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला कच्चं मांस द्या, त्या पिशवीत नुसता भुसा असतो. मला दुसरा पंथ जास्त मर्दानी वाटला. रोज अर्धा किलो चिकन. पण हाडं घशात अडकतील या भीतीनं बोनलेस! वर थोडा भात. बग खूश, मी खूश, चिकनवाला तर विचारूच नका.

चौथ्या महिन्यात बग मागचा पाय उचलून चालायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "याला खायला काय देता?" मी अभिमानानं सांगितलं. ते काही क्षण गप्प बसले. फोटोत हाडं दिसायला हवीत तशी पांढरी नव्हती, धुरकट होती, आणि मांडीच्या हाडात एक बारीकशी चीर. पिल्लू उपाशी नव्हतं, त्याला कुणी मारलं नव्हतं. मी प्रेमानं खाऊ घालून त्याची हाडं पोकळ केली होती.

आठ आठवडे बग एका लहान जागेत कोंडलेला. उड्या बंद, जिना बंद, चिकनही बंद. त्या आठ आठवड्यांत अपराधी मनानं मी जे वाचलं आणि बरा झाल्यावर त्याला घेऊन डहाणूला गेलो तेव्हा जे पाहिलं, त्याची ही गोष्ट.

ऑफिसातल्या एका इराणी मित्राच्या काकांची घोलवडला चिकूची वाडी आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी हा सगळा पट्टा चिकूचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. वाडीत दुपारी जेवायला बसलो. अंकलनी ताटात भात घेतला, मासळीचा तुकडा घेतला आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी थोडं अन्न बाजूला एका वाटीत काढून ठेवलं. मला वाटलं चित्राहुती. आमच्याकडे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून शितं ठेवायचे, तसलं काहीतरी असेल. विचारलं तर हसून म्हणाले, "कुत्रानो बूक." कुत्र्याचा घास. त्यांच्या आईच्या घरी म्हणे हे रोज व्हायचं. आता सगळे विसरले, ते एकटेच करतात.

मला हे भलतंच आवडलं. मुंबईत परतल्यावर खणायला घेतलं, तर हा घास पार अवेस्तापर्यंत पोचला.

झरथुष्ट्री लोकांच्या अवेस्तात 'वेंदिदाद' नावाचा एक ग्रंथ आहे. शुद्धाशुद्ध, पाप-प्रायश्चित्त असा त्याचा विषय. आज आहे त्या रूपात धरला तरी निदान दीड हजार वर्षं जुना, आतला मजकूर त्याहून कितीतरी जुना. जेम्स दार्मेस्तेतरनं १८८० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्याचं तेरावं प्रकरण जवळजवळ पूर्ण कुत्र्यांवर आहे. आणि तिथं काय लिहिलंय? तर कुत्र्याला वाईट अन्न घालणं हा गुन्हा. कुत्र्यांच्या प्रती लावलेल्या आहेत आणि प्रत्येक प्रतीची माणसाशी तुलना. मेंढपाळाच्या कुत्र्याला वाईट खायला घालणं म्हणजे पहिल्या दर्जाच्या गृहस्थाला वाईट वाढणं. घरच्या कुत्र्याचा अपमान हा मध्यम दर्जाच्या गृहस्थाचा अपमान. बेवारशी भटका कुत्रा दारी आला तर तो पुरोहिताच्या रूपात आलेला पुण्यवान माणूस समजायचा. (आमच्या सोसायटीच्या सभेत हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं.) आणि शेवटी 'तौरुन', म्हणजे वाढीच्या वयातला कुत्रा. तो चांगल्या घरच्या, नुकत्याच जबाबदार वयात आलेल्या मुलासारखा. शिक्षाही उतरत्या क्रमानं: मेंढपाळाच्या कुत्र्यासाठी दोनशे फटके, तौरुनसाठी पन्नास. माझे पन्नास नक्की होते.

पुढे योग्य अन्न कोणतं तेही दिलंय: दूध, चरबी आणि त्याबरोबर मांस. नुसतं मांस नाही बरं का. म्हणजे चरबी आहे, दूध आहे, पर्यायानं कॅल्शियम आहे. ते लिहिणाऱ्याला कॅल्शियम कशाशी खातात हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला मेंढरं राखणारी धडधाकट कुत्री माहीत होती, एवढं पुरे.

पंधराव्या प्रकरणात तर मी खुर्चीतून उठलोच. तिथं पापांची यादी आहे आणि त्यात एक पाप असं की कुत्र्याला फार कठीण हाडं किंवा फार गरम अन्न देणं. का, तर हाड दातात किंवा घशात अडकेल, तोंड पोळेल आणि त्याला इजा होईल. आज कुठलाही डॉक्टर पहिल्या भेटीत हेच सांगतो. त्याच प्रकरणात पिल्लं कुणी सांभाळायची याचे नियम आहेत. गाभण कुत्री ज्याच्या आवारात आली त्यानं तिची आणि पिल्लांची जबाबदारी घ्यायची. किती दिवस? कुत्र्याच्या पिल्लाला सहा महिने, माणसाच्या पोराला सात वर्षं.

हा सहा महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हे सगळं डहाणूला कसं आलं? पारशी आधीच आले होते. तलासरीच्या पलीकडे, गुजरातेत, संजाण. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारडच्या डोंगरातल्या बहरोट गुंफांत बारा वर्षं लपवून ठेवला होता अशी परंपरा आहे, आणि तो डोंगर वाडीवरून दिसतो. इराणी मात्र खूप नंतरचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही यझ्द आणि केरमानकडून दुष्काळाला, छळाला कंटाळून मुंबईत उतरलेले. कुणी चहाची हॉटेलं काढली, कुणी डहाणूकडे जमिनी घेऊन झाडं लावली. यझ्दजवळच्या शरीफाबाद गावात मेरी बॉइस नावाच्या विदुषी १९६३-६४ मध्ये जाऊन राहिल्या होत्या. तिथं घरातली माणसं जेवायच्या आधी कुत्र्याचा वाटा काढला जातो, हे त्यांनी स्वतः पाहून लिहिलंय. म्हणजे अंकलची वाटी आणि यझ्दची वाटी एकच.

हा जिव्हाळा नुसता वाटीपुरता नव्हता. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. दुकानं बंद, फौजेचं रोजचं सामान अडवलं, शेवटी सैन्य बोलवावं लागलं. मुंबईच्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती कुत्र्यांवरून! पुढे १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

अर्थात आपल्याकडेही कुत्र्याचा घास होताच. श्राद्धात गाय, कावळा, मुंग्या यांच्याबरोबर कुत्र्याचाही बळी काढतात. आणि नामदेवांची गोष्ट कुणाला माहीत नाही? कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी मला त्यात फक्त भक्ती दिसायची. आता दिसतं की कोरड्या धान्याला स्निग्धाची जोड हवी, हेही त्या गोष्टीत आहे. असो.

त्याच वाडीत काम करणाऱ्या वारली आजींना मी विचारलं, तुमच्या कुत्र्याला काय घालता? त्यांना प्रश्नच कळला नाही. आम्ही जे खातो ते. म्हणजे भात, नागलीची भाकर, मासळी असली तर तिची डोकी आणि काटे. वारली चित्रांत बघा, कुत्रा कायम माणसांच्या मध्येच कुठेतरी असतो, शिकारीच्या मागे किंवा झोपडीजवळ. त्याची वेगळी पिशवी नाही आणि वेगळी वाटीही नाही.

आणि आता गंमत बघा. नागलीत दर १०० ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सगळं अंगी लागत नाही, पण तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी जास्त. माशाच्या काट्यात कॅल्शियम, माशाच्या चरबीत 'ड' जीवनसत्त्व. कागदावर मांडलं तर आजींच्या कुत्र्याचं ताट माझ्या अर्धा किलो बोनलेसपेक्षा सरस निघतं. पण इथं थांबायला हवं. 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होतो खरा, पण पाड्यावर जगलेला कुत्रा आपल्याला दिसतो, न जगलेली पिल्लं कुणी मोजलेली नाहीत. आणि दुसरं असं की ज्या ताटातून कुत्र्याचा वाटा निघायचा त्या ताटात मुळात किती होतं? या डहाणू-तलासरीतच वारल्यांना सावकार-जमीनदारांकडे वेठीला राबावं लागायचं. २३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरी गावी किसान सभेच्या सभेत वेठ बंद करायचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं असेल त्यांना ठाऊक आहे की पावसाळ्यात तिथं माणसंच कंदमुळांवर दिवस काढत. उरलंसुरलं कुत्र्याला, पण उरायला तर हवं. साडेतीन हजारांची किबलची पिशवी गाडीच्या डिकीत ठेवून मी हे ऐकत होतो. तेव्हा फार काही बोलावंसं वाटलं नाही.

आता जरा लंडनला जाऊ, कारण बगच्या पायाचं उत्तर तिथं आहे.

१८८० च्या दशकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नव्हते. पाय वाकायचे, हाडं मऊ पडायची. जॉन ब्लँड-सटन नावाच्या सर्जननं पाहिलं की छाव्यांना घोड्याचं नुसतं मांस मिळतंय. सिंहाला मांस, यात चूक काय? चूक ही की घोड्याची हाडं छाव्यांना फोडता येण्यासारखी नव्हती. त्यानं आहारात हाडाचा चुरा, दूध आणि कॉड माशाचं तेल घातलं. काही महिन्यांत छावे सरळ पायांनी चालायला लागले. हे वाचून मी तसाच बसून राहिलो. एकशेचाळीस वर्षांपूर्वी सुटलेला बग मी पुन्हा घरात आणला होता!

नंतर एडवर्ड मेलनबी. लंडनच्या गरीब वस्त्यांतली पोरं तेव्हा मुडदुसानं वाकडी होत होती आणि कारण कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मेलनबीनं कुत्र्याची पिल्लं घेतली, घरात बंद ठेवली आणि ओटची पेज, पाव, थोडं दूध असं खायला दिलं. पिल्लांना मुडदूस झाला. मग कॉड माशाचं तेल दिलं, तर होईना. १९१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि पुढच्या काही वर्षांत 'ड' जीवनसत्त्वाचा शोध लागला. त्याचं नशीब असं की त्यानं पिल्लं निवडली. माणूस किंवा गाय उन्हात बसली की कातडीत 'ड' तयार होतं, कुत्र्यात ते जेमतेम होतं. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. लहानपणी आपल्या नाकाला चिमटा काढून ज्यांनी ते माशाचं तेल पाजलं, त्यांनी त्या लंडनच्या पिल्लांचे आभार मानायला हरकत नाही. (आपण मानायचे की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं.)

आणि मांसाचा हिशेब असा. बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीसपट किंवा जास्तच. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळजवळ सारखे, कॅल्शियम किंचित जास्त असे हवेत. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर ठेवणं शरीराला भागच असतं, नाहीतर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत. मग खाण्यातून येत नसेल तर कुठून? हाडांतून. रोजच्या घरखर्चासाठी मुदत ठेव मोडत राहावी तसं. पिल्लू दिसायला गुटगुटीत, केस चकचकीत, आणि आतली ठेव रोज थोडी कमी.

मग कॅल्शियमची पावडर ओतली की झालं? मीही हेच विचारलं. डॉक्टरांनी हात जोडले. हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात हेझविंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग केले. काहींना कॅल्शियम कमी, काहींना बरोबर, काहींना भरपूर. कमीवाल्यांची हाडं बिघडली हे ओघानं आलंच, पण भरपूरवाल्यांचीही बिघडली. मोठ्या कुत्र्याचं शरीर जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच बऱ्यापैकी अडवतं. लहान पिल्लाला ते जमत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंच आत घेतलं जातं. हा दरवाजा नीट चालू व्हायला साधारण सहा महिने लागतात. वेंदिदादचे सहा महिने! योगायोग असेल, बहुधा आहेच. त्यांना पिल्लू आपलं आपण शोधून खाईपर्यंतचा काळ म्हणायचा होता. पण पिल्लाचं पोषण ही एक ठरावीक मुदतीची, टाळता न येणारी जबाबदारी आहे, एवढं त्या जुन्या माणसानं बरोबर पकडलं होतं.

राहिले आपले दोन पंथ. दोन्ही अगदी कालचे. १८६० च्या दशकात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं लंडनमध्ये कुत्र्याचं बिस्किट काढलं. बंदरात खलाशांची टणक बिस्किटं कुत्री आवडीनं खाताना बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. त्याच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टनं पुढे तो प्रसिद्ध डॉग शो काढला. मग डबाबंद घोड्याचं मांस आलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्र्याची टंचाई झाल्यावर डबे गेले आणि सुकं खाणं पुढे सरकलं. १९५७ मध्ये प्युरिनानं आजचं फुगवलेलं किबल बाजारात आणलं: धान्य, मांसाची पूड, वाफ, दाब, आणि बाहेर पडलेल्या कोरड्या गोळ्यांवर शेवटी चरबीचा फवारा. म्हणजे कारखान्यात नामदेवांची तुपाची वाटी.

कच्च्याचा पंथ त्याहून तरुण. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांचं 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक १९९३ चं. नाव नीट वाचा, त्यात हाड आहे. त्यांच्या योजनेचा कणाच मांसासकट कच्ची हाडं हा. मी भीतीपोटी नेमकी हाडं काढली आणि वर 'रॉ डाएट' असं नाव लावलं. लायब्ररी घ्यायची आणि तिची मुख्य फाइलच पुसायची, मग प्रोग्रॅम चालत नाही म्हणून रडायचं, तसलाच प्रकार. बाकी कुत्रा म्हणजे लांडगा हा दावा २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये बराच ढिला केला. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या ताटातलं धान्य खाऊन तो बदललाय. आजींची भाकर त्याच्या जनुकांत आहे.

आमचं आता असं चाललंय: पिल्लांसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेलं, मोठ्या चणीच्या जातीचं किबल, तेही वजन करून. वर दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत ताजं काहीतरी, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा. हिश्शाच्या बाहेर गेलं की पिशवीतला हिशेब बिघडतो. कच्चं चिकन मी बंद केलं, कारण घरात ऐंशीची आजी आहे आणि साल्मोनेला बगपेक्षा तिला जास्त धोक्याचा. ज्यांना कच्चंच द्यायचंय त्यांनी खुशाल द्यावं, पण हाडासकटचा पूर्ण आराखडा पशुवैद्याकडून लिहून घ्यावा. शिजवलेलं हाड तर कुणीच देऊ नये, ते काचेसारखं टोकदार फुटतं. रात्री दोनला वाचून काही ठरवू नये, हे माझं मलाच.

बगला सहा महिने पूर्ण झाले त्या वीकांताला पुन्हा घोलवडला गेलो. पाय सरळ, एक्स-रे पांढरा. अंकल जेवायला बसले, त्यांनी वाटी काढली. भात, थोडं दूध, माशाचा मऊ तुकडा. चिमटीत दाबून काटा राहिलाय का बघितलं, मग भातात बोट बुडवून गरम आहे का पाहिलं आणि वाटी थोडा वेळ खिडकीत ठेवली. वेंदिदादमध्ये हे असं लिहिलंय हे तुम्हाला माहीत आहे का, असं मी त्यांना विचारलं. नाही म्हणाले, आई असंच करायची.

बग तोवर खिडकीखाली बसून होता. वाटी खाली आल्यावर त्यानं ती तीन सेकंदांत चाटून साफ केली आणि अंकलच्या ताटाकडे बघायला लागला.